ताईंचं पोट आणि माझ्या बायकोचा आजार

माझ्या बायकोची थोरली बहीण बंदरावर क्रेन चालवते. घरात सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. खरं तर त्या माझ्याहून दीडच वर्षाने मोठ्या आहेत. बंदरावरची सर्वांत जुनी क्रेन त्यांच्याकडे आहे. केबिन बारा मजले उंचीवर, आणि तिथे पोहोचायला लोखंडी शिडी, मध्ये दम खायला चार फळ्या. लिफ्टही आहे, पण मी पाहतोय तेव्हापासून तिच्यावर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी आहे. पाटी मात्र दोनदा नवीन रंगवून झाली.

ताई आणि माझी बायको या एकाच आईच्या मुली आहेत, यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. एकदा बायकोने बंदरावर फोन केला. फाटकावर नवा पहारेकरी होता. तो म्हणाला, “त्या वर गेल्या. सकाळी सहालाच.” बायकोने फोन ठेवला आणि ती रडायला लागली. मला काय झालं ते कळेपर्यंत तिने दोन मावश्यांना कळवलंही होतं. संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या तेव्हा एक मावशी येऊन बसलेली होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मावशीला चहा विचारला आणि म्हणाल्या, “आता आलाच आहात तर राहा दोन दिवस.”

असा स्वभाव. एकदा क्रेनची तार अडकली आणि मालाने भरलेला वीस टनांचा डबा भर वाऱ्यात जहाजावर चाळीस मिनिटं लोंबकळत राहिला. खालून जहाजाचा अधिकारी वायरलेसवर तोंडाला येईल ते बोलत होता. ताई वरून म्हणाल्या, “तुमचं बोलून झालं की सांगा. मग मी डबा खाली घेते.” ही गोष्ट बंदरावर अजून सांगतात.

अशा बाईचं पोट पस्तिशीत बिघडायला लागलं. जेवण झालं की पोट ढोलासारखं फुगायचं, कळा यायच्या, आठवड्यातले चार दिवस जुलाब. साध्या माणसाला ते निभावता येतं. ताईंना शिडी उतरायला सात मिनिटं लागत आणि चढायला नऊ. शिवाय डबा हवेत असेल तर आधी तो जागेवर टेकवायचा, मग उतरायचं. एकदा भर कळेत त्यांनी काचेच्या सामानाचा डबा जहाजावर इतका हळू टेकवला की खालच्या माणसाला तो टेकल्याचं कळलंच नाही. मग वायरलेसवर त्या एवढंच म्हणाल्या, “वीस मिनिटं.” पर्यवेक्षकाने त्यांच्या नावापुढे शेरा मारला: कर्मचारी वारंवार खाली उतरते.

कंपनीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि निदान केलं. “आयबीएस. म्हणजे आतडी धडधाकट आहेत, फक्त हळवी आहेत. तुमची कामाची जागा उंचावर, जबाबदारीची. मनावर ताण येतो, तो पोटात उतरतो. ताण घेऊ नका. आणि पोट बिघडेल तेव्हा हलकं खा. टोस्ट, बिस्किटं.”

ताई आज्ञाधारक आहेत. पोट बिघडलं की त्या टोस्ट खात. टोस्ट खाल्ला की पोट बिघडे. मग पुन्हा टोस्ट. हे अकरा वर्षं चाललं. जेवणाच्या डब्यात दुसरं काही नाहीच: सकाळी कोरडे टोस्ट, दुपारी बिस्किटं आणि बिनदुधाचा चहा. वजन उतरत गेलं, तोंडात फोड यायला लागले, शिडी चढताना दोन फळ्यांवर थांबणारी बाई चारही फळ्यांवर थांबायला लागली. रक्त कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनीही रक्त वाढेना, तेव्हा म्हणाले, “गोळ्या नियमित घेत नसाल.” ताई वेळ लावून गोळी घेत होत्या.

मग कंपनीने त्यांना ताण घालवायच्या शिबिराला पाठवलं. शिकवणारा गृहस्थ सुटाबुटातला होता. डोळे मिटा, उंच शांत जागेची कल्पना करा, असं तो सगळ्यांना सांगत होता. शेवटच्या दिवशी त्याने प्रत्येकाची कामाची जागा पाहायची ठरवलं. ताईंच्या मागोमाग तो शिडी चढला आणि दुसऱ्या फळीवर दोन्ही हातांनी कठडा धरून बसला. ताईंनी त्याला तीन वेळा सावकाश श्वास घ्यायला लावला आणि एकेक पायरी मोजत खाली आणला. प्रमाणपत्रावर त्याने लिहिलं, ‘चांगली प्रगती.’

आता माझ्या बायकोकडे यायला हवं. ती शिवणघरात कापड बेतते. हात कसबी आहे, जीभ त्याहून. तिचंही पोट दुखायचं. फुगायचं, कधी अडायचं, कधी सुटायचं, आणि शौचाला जाऊन आलं की कळ थांबायची. सासरकडचं कुणी येणार असलं की आदल्या दिवसापासून सुरू. चार वर्षांपूर्वी माप द्यायला आलेल्या एका बाईने तिला ग्लूटेनबद्दल सांगितलं. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, तो काही लोकांच्या आतड्यांचा शत्रू असतो, त्या आजाराला सीलियाक म्हणतात. बायको घरी आली ती आजार घेऊनच. डॉक्टर नाही, तपासणी नाही. त्याच दिवशी कणीक, ब्रेड, बिस्किटं, केक, शेवया सगळं घराबाहेर गेलं. माझाही ब्रेड गेला. मला काही होत नव्हतं, पण घरात एकाला होतं म्हणजे सगळ्यांनी सोडायचं, असा कायदा झाला.

तिला बरं वाटलं, हे मात्र खरं. पोट पुष्कळ उतरलं. त्यामुळे तिचा आत्मविश्वास असा वाढला की कुणाचंही डोकं दुखलं, केस गळले, नोकरी गेली, तरी ती विचारायची, “गहू खाता का?” मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. बारीक अक्षर वाचायची मला सवय, म्हणून दुकानात पाकिटांच्या मागचं वाचायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरतो, पण सुपाच्या पाकिटात लपलेला गहू मी जितक्या तत्परतेने पकडला, तितकी एकही चूक कधी पकडली नसेल.

बायकोने मग ताईंना धरलं. “ताई, तुलाही तेच आहे. आपण एका रक्ताच्या.”

“मला ताण आहे,” ताई म्हणाल्या. “लेखी आहे माझ्याकडे.”

बायको रोज फोन करायची. शेवटी ताईंनी गहू सोडला, तो पटलं म्हणून नव्हे, फोन थांबावा म्हणून. टोस्ट बंद, बिस्किटं बंद. भात, बटाटे, अंडी, भाज्या. सहा आठवड्यांत जुलाब थांबले. तीन महिन्यांनी ताई आमच्या टेबलावर दुसऱ्यांदा भात वाढून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. बायकोच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की मला दिवा मालवावासा वाटला.

“आता रीतसर तपासून घे,” ती म्हणाली. “त्या डॉक्टरच्या तोंडावर कागद मारायचा आहे मला.”

ताईंनी रक्त दिलं. कागद आला. सीलियाकची तपासणी: नकारार्थी. कंपनीच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, फाइलमध्ये लावला आणि म्हणाले, “बघा, मी काय म्हणत होतो? सीलियाक नाही. आयबीएसच. गहू सोडून बरं वाटतं म्हणता, ते मनाचं समाधान. खा बिनधास्त.”

 ताई मात्र पुन्हा टोस्टकडे वळल्या नाहीत. म्हणाल्या, “मनाचं असेल तर मनाचं. मला शिडी चढताना पोट धरावं लागत नाही, तेवढं पुरे.”

पण रक्त काही वाढेना. पुढच्या महिन्यात वार्षिक तपासणी झाली. हिमोग्लोबिन आठ. नियम असा की दहाच्या खाली असेल त्याने शिडी चढायची नाही. ताईंना खाली उतरवून आवक नोंदवायच्या खोलीत बसवलं. खोलीला खिडकी होती, आणि खिडकीतून त्यांची क्रेन दिसायची. ती आता एक तरुण माणूस चालवत होता.  एकदा मी जेवणाचा डबा द्यायला गेलो तर त्या टेबल सोडून खिडकीशी उभ्या होत्या. “झटका देतो,” त्या म्हणाल्या. “उचलताना झटका देतो. तार खराब होईल.” मग खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ एकच कागद हातात धरून राहिल्या. अकरा वर्षांत पोटाने जे केलं नव्हतं ते त्या खिडकीने केलं. ताई खचल्या.

मोठ्या इस्पितळात पोटाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती, त्या सारख्या नाक पुसत होत्या आणि फार कमी बोलत होत्या. आम्ही तिघंही गेलो होतो. त्यांनी अकरा वर्षांची फाइल पहिल्या पानापासून वाचली. मग विचारलं, “कळ आली की शौचाला जाऊन थांबते?”

“नेहमी नाही,” ताई म्हणाल्या.

“पोटासाठी झोपेतून उठावं लागायचं?”

“आठवड्यातून दोनदा तरी.”

“वजन किती कमी झालं?”

“अकरा किलो.”

“घरात आणखी कुणाला?”

“आईचं पोट नाजूक होतं. काटकीसारखी होती. शेवटी खुर्चीवरून उठताना मांडीचं हाड मोडलं, त्यातच गेली.” ताई हे नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. बायकोने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई त्या नकारार्थी कागदावर आल्या आणि थांबल्या. “ही तपासणी झाली तेव्हा तुम्ही गहू खात होतात?”

“नाही. तीन महिने सोडला होता.”

“हे कुणी विचारलं नाही?”

“नाही.”

“आणि तुम्ही सांगितलं?”

“बरं वाटतंय म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे.”

डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं. “ही तपासणी काय शोधते, सांगते. ग्लूटेन पोटात गेलं की या आजारात शरीर त्याच्याविरुद्ध रक्तात काही द्रव्यं तयार करतं. ती द्रव्यं आम्ही मोजतो. गहू सोडला की ती हळूहळू ओसरतात. तुम्ही खात नसाल तर मी काय मोजणार? हा कागद खोटा नाही, पण त्याला काही अर्थही नाही. आयबीएसमध्ये रक्त असं कमी होत नाही, वजन असं उतरत नाही. पोट दोन्हीत सारखंच बोलतं, म्हणून पोटाखेरीज बाकीच्यांचंही ऐकावं लागतं.”

“मग आता?” मी विचारलं.

“आता यांनी सहा आठवडे गहू खायचा. रोज दोन-तीन स्लाइस ब्रेड. मग पुन्हा रक्त.”

बायको ताडकन उभी राहिली. “म्हणजे विष द्यायचं?”

“निदान आयुष्यभराचं असतं,” त्या म्हणाल्या. “अंदाजावर आयुष्यभर पथ्य करायला लावणं मला जमणार नाही. फार त्रास झाला तर फोन करा.” मग बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमची तपासणी कधी झाली?”

“मला तपासायची गरज नाही,” बायको म्हणाली. “मला माहीत आहे.”

सहा आठवडे ताई आमच्याकडे राहिल्या. एकटीने ते करू नये, हा बायकोचाच हट्ट. तीन वर्षांनी आमच्या घरात ब्रेड आला. आणला मी, आणि ताईंच्या आडून दोन स्लाइस मीही खाल्ले, हे आता सांगायला हरकत नाही. ताई सकाळी टेबलाशी बसून औषध घ्यावं तसा ब्रेड खायच्या. चौथ्या दिवसापासून सगळं परत आलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ऑफिसातून रजा घेतली. बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन आत-बाहेर करायची आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायची, “अहो, बास करा हे. मला बघवत नाही.” जणू मीच भरवत होतो.

ताईंना मी एकदाच विचारलं, “सोडायचं का?”

“भावोजी, अकरा वर्षं फुकट खाल्ला,” त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. “हे सहा आठवडे तरी कामाचे आहेत.”

सहाव्या आठवड्यानंतर रक्त दिलं. आकडा इतका वर होता की प्रयोगशाळेने पुन्हा तपासून पाहिला. मग नळी घालून लहान आतड्याच्या अस्तराचे चार बारीक तुकडे काढले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चित्र दाखवलं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ताईंची लव झिजून सपाट झाली होती. लोहाच्या गोळ्या इतकी वर्षं त्या सपाट मैदानावरून घरंगळत गेल्या होत्या.

ताईंनी चित्र बराच वेळ पाहिलं. “म्हणजे ताण नव्हता,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला?” डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. “मला तरी दिसत नाही.”

बाहेर आल्यावर इस्पितळाच्या पायऱ्यांवर ताई बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. बायको शेजारी बसून पाठीवर हात फिरवत होती आणि, आश्चर्य म्हणजे, गप्प होती.

आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो म्हणून सख्ख्या भावंडांना तपासून घ्यायला सांगितलं होतं. बायको नटूनथटून गेली. गहू परत खायला तिने साफ नकार दिला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्यासाठी दुसरी वाट आहे. ज्यांना हा आजार होतो, त्यांच्यात दोन ठरावीक जनुकांपैकी एक जवळजवळ नेहमी असतंच. ते असलं म्हणजे आजार आहेच असं नाही. पण दोन्ही नसली, तर आजार नाही असं धरायला हरकत नाही. त्या तपासणीला गहू खावा लागत नाही.”

तपासणीत दोन्ही नव्हती.

“तुम्हाला सीलियाक नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि पुढेही होण्याची शक्यता नाहीच म्हणा. लक्षणं ऐकून, बाकीचे रिपोर्ट पाहून, तुम्हाला आयबीएस आहे.”

“पण गहू सोडल्यावर मला बरं वाटलं ते?” बायकोचा आवाज चढला. “तेही मनाचं?”

“नाही. तुम्हाला खरंच बरं वाटलं. गव्हात ग्लूटेनबरोबर आणखी एक प्रकारची साखर असते. हळव्या आतड्यांत ती आंबते, वायू धरतो. कांद्यात, लसणातही तीच असते. कांदा खाता?”

“कांद्याशिवाय माझा स्वयंपाक होत नाही.”

“तो थोडे दिवस कमी करून बघा. तुमचं दुखणं खरं आहे, फक्त त्याने आतड्याला इजा होत नाही. ब्रेड थोडाफार खाल्लात तर काही बिघडणार नाही. आणि जमलं तर जरा ताण कमी घ्या.”

“मला कसला ताण?” बायको एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेरच्या परिचारिकेने दार उघडून पाहिलं.

 तीन वर्षं जोपासलेला आजार, आणि तो गेला सख्ख्या बहिणीकडे. तिला मात्र बहिणीचा टाकून दिलेला मिळाला. दोन दिवस तिने ताईंचा फोनही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ताई स्वतः आल्या. हातात दुकानातून आणलेली सहा-सात पाकिटं होती. त्यांनी ती टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, “छोटे, मला यातलं काही कळत नाही. काय खायचं, काय नाही?”

मी चष्मा पुसायला घेतला होता. बायकोने पाकिटं माझ्या हाताला लागू दिली नाहीत. “हे चालणार नाही. हेही नाही. सॉस कुणी आणायला सांगितला तुला? आणि ताई, तुझा चमचा वेगळा, कढई वेगळी, फडकंसुद्धा वेगळं. माझ्यासारखं नाही, तुझ्या बाबतीत कणभरही चालायचं नाही.” ‘माझ्यासारखं नाही’ हे शब्द तिच्या तोंडून निघताना जरा अडखळले, पण निघाले.

कंपनीच्या डॉक्टरांनी नवे कागद वाचले. “मला पहिल्यापासून शंका होतीच,” ते म्हणाले. ताई “बरं” म्हणाल्या. नंतर कळलं, त्याच महिन्यात डॉक्टरांनी आयबीएसच्या आणखी पाच जणांना रक्त तपासायला पाठवलं, आणि प्रत्येकाला आधी विचारलं, गहू खाताय ना? त्या पाचांत काही निघालं नाही. पण विचारलं तरी.

ताईंचं रक्त भरायला दहा महिने लागले. हाडं पातळ झाली आहेत, त्यांचं औषध चालू आहे. पडू नका, असं बारा मजले चढणाऱ्या बाईला लिहून दिलंय. क्रेन परत मिळाली त्या दिवशी आम्ही दोघं बंदरावर गेलो. ताई मध्ये एकदाच थांबून वर पोहोचल्या.

दुपारी बायको तिथल्या उपाहारगृहात शिरली. आचारी अंडी परतत होता. तिने त्याला ती कढई बाजूला ठेवायला लावली, दुसरी घासून घ्यायला लावली, आणि ब्रेड कापायची सुरी पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवली. आचारी वैतागला. “बाई, एवढं पथ्य कुणाचं? तुमचं?”

“छे,” ती म्हणाली. “मला काही झालेलं नाही. माझ्या बहिणीचं. ती क्रेन चालवते.”

मग तिने स्वतःसाठी एक सँडविच मागितलं. कांदा न घालता.